बाबांची ती छोटी पांढरी गोळी कुठली?

नमस्कार. वडिलांचा रक्तगट कदाचित तुम्हाला पाठ असेल. पण ते रोज सकाळी कुठल्या गोळ्या घेतात, नाव आणि एमजीसकट सांगाल?

मलाही सांगता येत नव्हतं. ‘एक बीपीची आणि एक ती छोटी पांढरी’, संपलं माझं ज्ञान! आणि इमर्जन्सीत डॉक्टर आधी हेच विचारतात. रक्तगटाचं म्हणाल, तर रक्त चढवण्याआधी तो पुन्हा तपासतातच.

तेव्हा आज एक कागद करू. घरातल्या प्रत्येकाचा वेगळा. वर नाव, जन्मतारीख, जवळच्या दोघांचे फोन नंबर, जुने आजार, झालेली ऑपरेशन्स. हे पटकन होतं.

औषधांना मात्र वेळ द्या. स्ट्रिप हातात घ्या आणि ब्रँडच्या जोडीला बारीक अक्षरात जे मूळ औषधाचं नाव छापलेलं असतं, ते उतरवा. ब्रँड बदलतात, औषध तेच असतं. मेटफॉर्मिन, ५०० एमजी, दिवसातून २ वेळा, असं लिहायचं. रक्त पातळ करणारी गोळी, म्हणजे वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, अपिक्साबॅन यांपैकी काही चालू असेल, तर ती सगळ्यात वर, लाल पेनाने. पडून डोक्याला मार लागला, तर ही एक ओळ फार महत्त्वाची ठरते. इन्सुलिन आणि रोजचं स्टेरॉइडही विसरू नका.

आता अवघड जागेचं दुखणं. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रामधलं औषध. लाजेपोटी कुणी लिहीत नाही. पण छातीत दुखतंय म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी दिली, तर दोन्ही मिळून बीपी धोकादायक इतकं खाली येऊ शकतं. तेव्हा लाज बाजूला ठेवा आणि लिहा.

अ‍ॅलर्जीत नुसतं ‘पेनिसिलिन’ लिहून भागत नाही. तेव्हा अंगावर पुरळ आलं होतं, की श्वास कोंडला होता? पेसमेकर असेल तर त्याच्या कार्डाचा फोटो काढून ठेवा, एमआरआयच्या आधी तो लागतो.

हीच माहिती फोनमध्येही भरता येते. आयफोनमध्ये ‘मेडिकल आयडी’, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये आपत्कालीन माहिती. लॉक न उघडता ती दिसते का, ते स्वतः करून बघा. पण फोन ज्याच्या हाती पडेल त्यालाही ती दिसणार, म्हणून काय भरायचं ते ज्याचं त्याला ठरवू द्या.

कागदावर तारीख टाका आणि औषध बदललं की जुना कागद फाडा. आमच्या फ्रिजवर कितीतरी दिवस दोन कागद होते. गोळी एकच, डोस दोन!