चटई ओली कशानं झाली?

[दृश्य : बोरघाट, सकाळ. ढग रस्त्यावर उतरलेले. वायपर.]

जूनचा शेवटचा आठवडा. खोपोली मागे पडली की जुना मुंबई-पुणे रस्ता एकदम अंगावर येतो. खंडाळ्यापर्यंत पाचेकशे मीटर उंची चढायची आणि तीही थोडक्या अंतरात. १८३० साली, जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, हा घाट चाकांसाठी खुला झाला. तेव्हा इथे बैल दमायचे. मग मोटारी आल्या, त्याही इथेच दमल्या.

[दृश्य : शिंग्रोबाचं देऊळ. चालत्या गाडीतून पडणारं नाणं.]

हा शिंग्रोबा. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा धनगर, असं लोक सांगतात. गाडीवाले अजूनही नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. फियाट आणि अँबेसेडरच्या जमान्यात तर या नाण्याला चांगलंच वजन होतं. बॉनेट वर करून वाफ जायची वाट बघणाऱ्या गाड्या वळणावळणाला दिसायच्या. आता गाड्या सुधारल्या, पलीकडे एक्स्प्रेस वे झाला. तरीही आज एक गाडी कडेला उभी होतीच.

[दृश्य : पांढरी हॅचबॅक. बॉनेटमधून वाफ. मागच्या सीटवर पैठणी नेसलेल्या आजी.]

पुण्याला लग्न. मुहूर्त बारा एकोणीसचा.

[दृश्य : टोचन लावून गाडी उतारावरून खाली येते. गॅरेज.]

खोपोलीच्या अलीकडे, जुन्या रस्त्याला लागून हे गॅरेज आहे. दोन गाळे, पुढे पत्र्याची शेड, भिंतीला टांगलेले पट्टे. मिस्त्री गाडीकडे आले, बॉनेट उघडून नुसतं बघितलं, आणि पोऱ्याला चहा सांगितला. गाडीमालकाची चुळबुळ तुम्हाला दिसतेच आहे. पण मिस्त्रींनी पाऊण तास रेडिएटरच्या, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या जाळीच्या, टोपणाला हात लावला नाही.

टोपणावर बारीक अक्षरांत ०.९ छापलेलं असतं. हे दाबाचं माप, बारमध्ये. आतलं पाणी हवेपेक्षा एवढ्या जास्त दाबाखाली राहतं, म्हणून ते शंभर अंशांना उकळत नाही, एकशेवीसच्या आसपास जातं. गरम असताना टोपण फिरवलं की दाब सुटतो आणि त्याच क्षणी त्या पाण्याची वाफ होते. ती उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. घाटात दर पावसाळ्यात कुणीतरी भाजतं.

तापलेल्या इंजिनावर बाटलीतलं गार पाणी ओतणारेही असतात. त्यानं हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

[दृश्य : मिस्त्री आणि गाडीमालक, स्टुलावर. चहा.]

तोवर प्रश्न सुरू होते. आमच्या मते या गॅरेजमधलं सगळ्यात महागाचं हत्यार हेच, आणि त्याचे पैसे कुणी देत नाही.

मिस्त्री : "साहेब, तापते कधी? ट्रॅफिकमध्ये उभी असताना, की चढावर?"

मालक : "चढावरच. पनवेलपर्यंत काहीच नव्हतं."

उभ्या गाडीत तापमानाचा काटा चढतो आणि हायवेला लागल्यावर उतरतो, तर बहुतेक वेळा रेडिएटरच्या पंख्याकडे बघायचं. फ्यूज, रिले, सेन्सर, नाहीतर पंख्याची मोटर. उभी असताना ठीक, पण चढावर तापते, तर पाणी कमी आहे, किंवा पाणी फिरत नाही, किंवा रेडिएटर चोंदलाय. हा एकच प्रश्न विचारला की निम्मं इंजिन संशयातून सुटतं.

मिस्त्री : "तापल्यावर काय केलंत?"

मालक : "मेव्हणा म्हणाला होता, गाडी तापली की हिटर फुल लावायचा. लावला. पण हवा गारच येत होती."

मिस्त्री : "आणि काटा?"

मालक : "एकदम खाली आला. मला वाटलं, झाली थंड. म्हणून तशीच पुढे घेतली."

[दृश्य : मिस्त्रींचा चेहरा. थांबा.]

मेव्हणा चुकीचं सांगत नव्हता. हिटर म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनातलं गरम पाणी दोन होज पाइपांतून तिथे जाऊन परत येतं, आणि ब्लोअरची हवा त्याच्या जाळीतून गरम होऊन आत येते. म्हणूनच चढावर तो लावला की इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये निघून जाते. माणसं घामाघूम होतात, इंजिन वाचतं. पण इंजिन लालबुंद आणि हिटर गार, याचा अर्थ हिटरपर्यंत पाणीच पोचत नाही. पाणी कमी झालं की वरच्या अंगाला असलेला हिटर आधी कोरडा पडतो.

काट्याचंही तेच. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असायला हवा. पाणी निघून गेलं की सेन्सर उघडा पडतो, मग काटा खाली येतो. इंजिन तसंच तापलेलं असतं.

[दृश्य : जाड फडकं. टोपण अर्धा आटा, मग पूर्ण.]

आता बघा. बाजूची प्लास्टिकची बाटली वरच्या रेघेपर्यंत भरलेली आहे. मालक रोज तीच बघत होते. टोपणाखाली रेडिएटरमध्ये मात्र टॉर्च मारला तरी पाणी दिसत नाही. गाडी गार होताना रेडिएटरनं बाटलीतलं पाणी ओढून घ्यायला हवं. कुठे गळती असली की तो पाण्याऐवजी तिथून हवा ओढतो. बाटली भरलेलीच राहते.

पोऱ्यानं भरायला घेतलं. पावणेदोन लिटर मावलं. या गाडीत सगळं मिळून चारेक लिटर बसतं.

[दृश्य : डिपस्टिक. बोटावर तेल. तेल भरायच्या टोपणाची आतली बाजू.]

आधी वाईट शक्यता. तेल दुधाळ, चहासारखं झालंय का? नाही. इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे? नाहीत. सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर? नाही. हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पाणी-तेल अडवणारं पॅकिंग, आज तरी शाबूत दिसतंय. काटा पडल्यावर जी दोन किलोमीटर गाडी हाकली, त्यांचा हिशेब नंतर लागेल.

एसी लावला, रेडिएटरचा पंखा फिरला, म्हणजे पंखा ठीक. मग मिस्त्रींनी हिटरच्या दोन्ही होज पाइपांना हात लावला. एक गरम आणि एक गार असता, तर आतली जाळी चोंदली असती. दोन्ही सारखेच गरम.

मालकांनी खिशातून बिल काढलं. दोन महिन्यांपूर्वीही गाडी अशीच तापली होती, तेव्हा दुसऱ्या एका गॅरेजनं रेडिएटर नवा टाकला, टोपण नवं, थर्मोस्टॅट वॉल नवा. सगळं चांगल्या प्रतीचं. गाडी तशीच.

[दृश्य : गॅसवर स्टीलचं पातेलं. पाण्यात दोन वॉल तारेनं टांगलेले. थर्मामीटर.]

या गाडीचा वॉल ठीकच आहे, हे आधीच सांगतो. पण मिस्त्रींनी तो उतरवला, शेजारी दुसऱ्या गाडीतला एक बाद वॉल टांगला, आणि हे दृश्य आम्हाला कापवलं नाही.

वॉलच्या पितळी डबीत मेण भरलेलं असतं. पाणी तापलं की मेण वितळून फुगतं आणि दांड्याला ढकलतं. वीज नाही, वायर नाही. वॉलवर ८२ कोरलंय. सत्तर... पंचाहत्तर... अजून काही नाही. ऐंशी. आता डावीकडे बघा. चकती उचलली जातेय, केसाएवढी फट. नव्वदपर्यंत ती चांगली रुंदावली. उजवीकडचा बाद वॉल उकळत्या पाण्यातही मिटलेलाच. असा वॉल गाडीत असला, की इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे जातच नाही.

याच्या उलट खोड आपल्याकडे फार आहे. गाडी तापली की वॉल काढूनच टाकायचा. मग पाणी सारखंच रेडिएटरमधून फिरतं, इंजिन कधी नीट गरम होत नाही, पेट्रोल जास्त पितं. डिसेंबरात तीच मंडळी मनालीला जातात, आणि हिटर कोमट का, म्हणून विचारतात.

[दृश्य : प्रेशर पंप. रेडिएटरच्या तोंडाला बसवलेला. घड्याळासारखा काटा.]

वॉल परत बसला. इंजिन बंद. हा हातपंप रेडिएटरच्या तोंडाला लावून आत हवा भरायची, टोपणावर छापलीय तेवढीच. पाउंडांत मोजली तर तेरा. मग पंप सोडून द्यायचा आणि बघत बसायचं.

[दृश्य : काटा, जवळून. शेडवरचा पाऊस. निवेदन नाही, दहा सेकंद.]

तेरा. बारा. साडेदहा. दाब कुठूनतरी जातोय. पोऱ्या पुठ्ठा घेऊन गाडीखाली गेला. पुठ्ठा कोरडा. वॉटर बॉडीखाली, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाखाली, थेंब नाही, होज कोरडे, रेडिएटर तर नवाच. काटा नवावर आला.

मिस्त्री उठले आणि बॉनेटकडे न जाता डाव्या दारानं आत शिरले.

[दृश्य : पुढच्या डाव्या सीटच्या पायाखालची चटई. मिस्त्रींचा हात.]

चटई ओली होती. मालक लगेच म्हणाले, "पावसाचंय ते, बायको छत्री तिथंच ठेवते." मिस्त्रींनी चटईखाली बोटं दाबली, अंगठ्यावर चोळली, वास घेतला आणि हात कॅमेऱ्यासमोर धरला. बोटांना चिकटपणा. किंचित हिरवी झाक.

मिस्त्री : "साहेब, पाऊस गोड लागत नाही."

(चाखून बघू नका. इंजिनाच्या पाण्यात मिसळलेल्या कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल विषारी असतं. मिस्त्रींनीही नुसता वासच घेतला होता.)

हिटरची जाळी गळत होती. गाडी चालू असताना दाब वाढला की थेंब थेंब डॅशबोर्डच्या आत, तिथून गालिच्याखाली. बाहेर रस्त्यावर एक डाग नाही. पुढच्या काचेवर आतून तेलकट वाफ धरायची, तीही पावसाच्या नावावर खपली. हिटर कधी लावला नव्हता, असं मालक पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यानं काही फरक पडत नाही. या गाडीत हिटरच्या वाटेवर पाणी तोडणारा कॉक नाही. बटण फिरवलं की आत फक्त हवेची झडप हलते. हिटर लावा, न लावा, पाणी जाळीतून फिरतच राहतं.

[दृश्य : दोन होज पाइप सुटतात. लोखंडी नळीचा तुकडा. क्लिपा आवळल्या जातात.]

जाळी बदलायची तर बहुतेक डॅशबोर्ड उतरवावा लागतो. ते काम आम्ही चित्रित केलेलं नाही, ते पुढच्या आठवड्यात पुण्यात होणार. आज मिस्त्रींनी दोन्ही होज काढून नळीच्या तुकड्यानं एकमेकांना जोडले, हिटर वाटेतून बाद. पुन्हा पंप. काटा तेरावर थांबला, आणि थांबूनच राहिला.

मग निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. टोपण उघडं ठेवून इंजिन चालू, होज दाबून दाबून आतली हवा काढायची. बुडबुडा येतो, पातळी खाली जाते, पोऱ्या वर ओततो. हवा आत अडकून राहिली असती, तर घाटात पुन्हा तेच.

बिलात कूलंट आहे, नळी आहे, चार क्लिपा आहेत, मजुरी आहे. चटईखाली हात घालायचं सुचलं, त्याची ओळ नाही.

[दृश्य : आजी गाडीत बसतात. गॅरेजचं घड्याळ : पावणेएक.]

गाडी घाट चढली.

[दृश्य : शिंग्रोबाचं देऊळ. पांढरी गाडी. खिडकीतून हात.]

[दृश्य : गॅरेज. दारावर वाळत टाकलेली चटई. पाऊस.]

चटई न्यायची राहिली. मिस्त्रींनी ती साबणानं धुऊन दारावर टाकली आहे. या हवेत चार दिवस तरी ती वाळायची नाही.