मुक्कामी गाडी

अध्यक्ष महोदय, आणि पंख्याखालच्या खुर्च्या पाच वाजताच धरून बसलेल्या मित्रमैत्रिणींनो,

पत्रिकेत विषय छापलाय, ‘परदेश प्रवासाचे नियोजन : शहर की खेडे?’ हा मथळा माझा नाही. माझा विषय त्याहून लहान आहे. इंग्लंडला जायचंय आणि हातात आठ रात्री आहेत, तर पाच कॉट्सवोल्ड्समध्ये, म्हणजे तिकडच्या जुन्या खेड्यांच्या मुलखात काढा आणि तीन लंडनला. आणि लंडन शेवटी. बस, एवढंच. ते का, हे सांगायला तुम्ही चाळीस मिनिटं दिलीत. पुरतील.

मी एसटीत होतो हे बहुतेकांना ठाऊक आहे. नोकरीची निम्मी वर्षं वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत गेली. तिथे बसून मला जग दोनच प्रकारचं दिसायला लागलं : विनाथांबा आणि मुक्कामी. मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात शिरते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर पथारी पसरतात आणि पहाटे पहिली गाडी घेऊन निघतात. त्या कंडक्टरला विचारा, कोणाची म्हैस व्यायली, कोणाचं ठरलेलं लग्न मोडलं, सगळं सांगेल. विनाथांब्याच्या कंडक्टरला त्याच गावाचा फाटा कुठला तेही सांगता येणार नाही. आणि रोज तिथूनच जातो बरं का.

आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ गेल्या वर्षी जाऊन आले. लंडनला सात रात्री, आणि त्यातला एक दिवस ‘कॉट्सवोल्ड्स’. सकाळी बसनं निघाले, ऑक्सफर्ड उरकलं, बिबरीला अर्धा तास, बोर्टनला पाऊण तास, रात्री लंडन. मी विचारलं, कसं काय वाटलं? म्हणाले, “छान आहे, पण गर्दी फार.” अहो, ती गर्दी तुम्हीच! बिबरीत आर्लिंग्टन रो म्हणून दगडी घरांची एक रांग आहे. चौदाव्या शतकात मठाचं लोकरीचं कोठार होतं ते, सतराव्या शतकात विणकरांची घरं झाली. आजही त्यात माणसं राहतात. विल्यम मॉरिस या इंग्रज कवी-कलावंतानं बिबरीला इंग्लंडातलं सर्वांत सुंदर खेडं म्हटलं, आणि तेव्हापासून त्या बिचाऱ्या खेड्याला चैन नाही. आपण त्यांच्या खिडकीसमोर उभं राहून फोटो काढतो आणि आतला माणूस चहा पीत बाहेर बघत असतो. आपल्या दिंडी दरवाजासमोर पन्नास जण उभे राहून बोट दाखवायला लागले, तर चहा गोड लागेल का?

आम्ही दोघं मोर्टन-इन-मार्शला राहिलो. कारण साधं, तिथे रेल्वे स्टेशन आहे. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून दीडेक तास. एसटीवाला माणूस मुक्काम नेहमी जंक्शनला करतो. मंगळवारी गावात बाजार भरतो. तो बघितला आणि मग मला ‘चिपिंग’चा उलगडा झाला. त्या भागात चिपिंग कॅम्पडन, चिपिंग नॉर्टन अशी गावं आहेत. चिपिंग म्हणजे जुन्या इंग्रजीत बाजार, पेठ. म्हणजे चिपिंग कॅम्पडन हे आपलं पेठ वडगावच झालं की! कोल्हापूरकडचं हं. लढाईचं वडगाव मावळातलं, त्याच्याकडे येतोच आहे.

चिपिंग कॅम्पडनच्या चर्चमध्ये जमिनीत एक पितळी पत्रा बसवलाय. विल्यम ग्रेव्हेल, वारला १४०१ साली. त्यावर लॅटिनमध्ये त्याला साऱ्या इंग्लंडातल्या लोकर-व्यापाऱ्यांचं फूल म्हटलंय. आपल्याकडच्या एखाद्या कापूस-अडत्याच्या समाधीवर ‘पुष्प’ लिहिलेलं कोणी पाहिलंय का? हसू नका, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्या भागातल्या चर्चमध्ये देव जितका आहे तितकीच लोकर आहे. मेंढीनं बांधलेला मुलूख आहे तो. पुढे वाफेवरच्या गिरण्या उत्तरेला यॉर्कशायरकडे गेल्या, इकडचा पैसा आटला, आणि जुनी घरं पाडून नवी बांधायला कोणाकडे काही उरलं नाही. म्हणून गाव राहिलं. सौंदर्य वगैरे नंतरचं. आता लंडनचे श्रीमंत तीच घरं सुट्टीसाठी घेतात आणि गावातल्या पोरांना ती परवडत नाहीत. कोकणातल्या मंडळींनी आत्ता मान हलवलेली मी पाहिली.

आता वडगाव. हे जरा लांबेल, पण मी याच्यासाठीच आलोय.

मोर्टनच्या पुढचं स्टेशन किंगहॅम. तिथे उतरून चालत गेलं की डेल्सफर्ड नावाचं चिमुकलं गाव लागतं. तिथे वॉरन हेस्टिंग्ज पुरलेला आहे. शाळेत आपण घोकलेला, बंगालचा पहिला गव्हर्नर जनरल, तोच. मी हिला म्हटलं, आज एका जुन्या शत्रूकडे जायचंय. ती म्हणाली, पाऊस आहे. मी म्हटलं, वडगावलाही थंडी होती, जानेवारी महिना होता.

तिकडे शेतांतून पायवाटा असतात, आपल्या पाणंदीसारख्या. फरक एवढाच, की त्यांवर पिवळा बाण रंगवलेला असतो आणि शेतकऱ्यालाही ती वाट अडवता येत नाही. कायद्यानं. इथे सभागृहात निदान चार जणांचे बांधाचे खटले चालू असतील, त्यांनी मनावर घेऊ नये. तर बाण बघत, कुंपणाच्या लाकडी पायऱ्या चढत-उतरत, मेंढ्यांमधून आम्ही चाललो होतो. कुत्रं फिरवणारी एक बाई भेटली. तिला विचारलं, हेस्टिंग्जची कबर कुठे? तिनं आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी अदबीनं विचारलं, “तुमचं काही नातं आहे का?” मी म्हटलं, “संबंध आहे, सोयरीक नाही.” हे इंग्रजीत सांगायला मला पाच मिनिटं लागली आणि तिला कळलं नाही ते नाहीच.

चर्चच्या आवारात पोचलो. मी हिला थडग्यापाशी उभं करून सगळं सांगितलं. १७७९ साली मुंबईकर इंग्रज पुण्यावर चालून आले, वडगावला कोंडीत सापडले आणि करार करून सुटले. कलकत्त्यात बसलेल्या या गृहस्थानं तो करार मानलाच नाही, तिकडून आधीच निघालेल्या कर्नल गॉडर्डच्या फौजेकरवी लढाई चालूच ठेवली. मग १७८२ चा सालबाईचा तह, महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनं. हा माणूस आपल्या नाना फडणविसांच्या तोडीचा, मला आवडत नसला तरी. मायदेशी परतल्यावर त्याच्यावर खटला भरला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, १७८८ ते १७९५. सात वर्षं! म्हणजे न्यायालयाचा वेग ही काही फक्त आपली परंपरा नाही. शेवटी सुटला.

पण गंमत पुढेच आहे. डेल्सफर्ड ही त्याच्या घराण्याची जुनी जहागीर, आजोबा-पणजोबांच्या काळात हातची गेलेली. लहानपणी ओढ्याकाठी पडून त्यानं ठरवलं होतं, हे वतन परत मिळवीन, असं तो पुढे सांगत असे. आणि ज्या वर्षी खटला सुरू झाला त्याच १७८८ मध्ये त्यानं ते विकत घेतलं. तिथे नवा वाडा बांधला, म्हातारा झाला आणि १८१८ साली गेला. साल लक्षात आलं का? इकडे पेशवाई बुडाली तेच साल.

मी हे सगळं जोशात सांगत होतो. हिनं शांतपणे विचारलं, “वाडा बघायला मिळतो का?” म्हटलं, नाही, खासगी आहे. ती म्हणाली, “म्हणजे आपल्याकडून गेलेल्या पैशाचं घर बाहेरून बघायला आपण पदरचे पैसे खर्चून आलो.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

जवळच सीझिनकोट आहे. कंपनीच्या नोकरीत पैसा केलेल्या चार्ल्स कॉकरेलचं घर, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्याच्या भावानं, सॅम्युअल पेपिस कॉकरेलनं आराखडा केला. डेल्सफर्डचाही त्यानंच केला होता. इंग्लंडच्या हिरव्या टेकडीवर मोगली कमानी आणि वर तांब्याचा कांद्यासारखा घुमट! बागेत पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेत, पावसात भिजत. ठरावीक वारीच उघडतं, विचारून जा.

येताना माझी फजिती झाली, तीही सांगतो. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी. एका खेड्यातून परतीची बस पावणेपाचची, मी वेळापत्रक तीनदा वाचलं होतं. पाच वाजले, साडेपाच वाजले, बस नाही. ही म्हणाली, “नीट वाचलंत ना?” मला! जन्मभर वेळापत्रकं वाचलेल्याला! पुन्हा बघितलं तर खाली मुंगीएवढ्या अक्षरात टीप : फक्त शाळेच्या दिवशी. आणि मे महिन्याच्या अखेरीस त्यांच्या शाळांना आठवड्याची सुट्टी. दोन तास चाललो. वाटेत पावाला दाण्याची चटणी लावून खाल्ली. माझ्या खिडकीसमोर उभे राहून ‘साहेब, गाडी का नाही?’ म्हणणारे सगळे प्रवासी त्या दोन तासांत मला भेटून गेले.

ही चिठ्ठी आली. ‘आठ मिनिटे. नंतर भजनी मंडळ.’ बरं. तर, मूळ मुद्दा.

आधी खेडं का? पहिलं कारण शरीराचं. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यामागे साडेचार तास. इथले सकाळचे सात म्हणजे तिथले रात्रीचे अडीच. पहिले दोन-तीन दिवस तुम्ही पहाटे टक्क जागे आणि रात्री आठला पेंगुळलेले. लंडनला हे दिवस वाया जातात, नाटकाच्या तिकिटावर झोप काढून येता. खेड्यात दुकानं पाचला बंद आणि जूनमध्ये पाचच्या आत उजाडतं. तुमचं बिघडलेलं घड्याळ तिथे बरोबर चालतं.

दुसरं, सहलीच्या बसगाड्या येतात भर दुपारच्या. सकाळी लवकर आणि संध्याकाळी गाव मुक्कामाला असणाऱ्याचं.

तिसरं खरं, आणि यावरच मला चाळीस मिनिटं बोलायचं होतं. खेडं पाहून लंडनला गेलात की लंडन वाचता येतं. त्यांच्या संसदेच्या लॉर्ड्स सभागृहात अध्यक्ष कशावर बसतात? वुलसॅकवर, लाल कापडातल्या लोकरीच्या बैठकीवर. चौदाव्या शतकापासूनची रीत, राज्याची दौलत लोकरीची म्हणून. ग्रेव्हेलचा पत्रा पाहिलेल्याला ती दिसते, बाकीच्यांना नुसती गादी दिसते. सेंट पॉल कॅथेड्रलच्या पायाचा पहिला दगड १६७५ मध्ये बसवला तो थॉमस स्ट्राँगनं, कॉट्सवोल्ड्समधल्या टेंटनच्या खाणवाल्या गवंड्यानं. आणि वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये उभे राहाल तेव्हा डेल्सफर्डचं ते ओलं गवत आठवेल. उलट क्रमानं गेलात तर हॉल हा नुसता मोठा हॉल. तीन रात्री पुरतात, कारण ब्रिटिश म्युझियम, व्ही अँड ए म्हणजे व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम, यांना प्रवेश फुकट आहे, तासभर जाऊन परत येता येतं. किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर, दहा नंबर, त्यासाठी मात्र अर्धी सकाळ राखून ठेवा. १९२१-२२ मध्ये ते तिथे राहिले. घाईनं बघायची जागा नव्हे.

चौथं, सामान. हीथ्रोवरून लंडनमध्ये शिरूच नका. रेडिंगला जाणारी बस आहे, रेडिंगहून गाडी. खरेदी शेवटी, म्हणजे पाच दिवस त्या पिशव्या वाहायला नकोत. आणि खेड्यात मुक्काम एकच ठेवा, रोज गाव बदलू नका. चार रात्रींपेक्षा कमी असतील तर... हो, हो, संपवतो. तर एकच जागा निवडा, पूर्ण राहा.

कोणी विचारतंय, गाडी भाड्यानं घ्यावी का? डाव्या बाजूनंच चालवतात, पण रस्ता एका गाडीचा आणि दोन्हीकडे झुडपांची भिंत. समोरून ट्रॅक्टर आला की मागे कोणी घ्यायची, हा प्रश्न सुटला असेल तर घ्या. नाहीतर बस. आणि टीप वाचा.

या, या, पेटी आत येऊ द्या. तबला त्या खुर्चीवर ठेवा, मी उठलोच आहे.