पुरुषांचा टक्का: 45 काय नि 50 काय?

लोकसंख्येवरचं व्याख्यान ऐकायला एवढी गर्दी म्हटल्यावर मीच जरा दचकलोय. असो. देशातल्या पुरुषांचा टक्का काळाप्रमाणे का बदलतो हा विषय आहे, त्यावर येतोच, पण आधी आर्बथनॉट, त्याला सोडून मला पुढे जाताच येत नाही.

जॉन आर्बथनॉट म्हणजे इंग्लंडच्या ॲन राणीचा डॉक्टर. त्याने लंडनच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी काढल्या, 1629 ते 1710, 82 वर्षांच्या, आणि बघतो तर काय, झाडून सगळ्या वर्षी मुलगे जास्त. मधे यादवी झाली, प्लेग येऊन गेला, 1666 ला शहर जळलं, तरी मुलगे जास्तच. मग ह्याने हिशेब मांडला की मुलगा-मुलगी म्हणजे निव्वळ नाणेफेक असेल तर 82 वेळा सलग छापा पडणार किती वेळा? 48 लिहून पुढे आणखी 23 आकडे, एवढ्यात एकदा. म्हणजे योगायोग शक्यच नाही, ही देवाची योजना! पुरुष बाहेर धोके पत्करतात, जास्त मरतात, म्हणून देव आधीच थोडे जादा पाठवतो. (हसताय, पण तेव्हा भल्याभल्यांना पटलं होतं.) मग निकोलस बर्नुली नावाचा गणिती म्हणाला, अरे बाबा, 35 बाजूंचा फासा घे, 18 मुलग्याच्या, 17 मुलीच्या, जमला की हिशेब. देव बिचारा सुटला.

आजही साधारण 100 मुलींमागे 105 मुलगे जन्मतात. माझं दुखणं असं की लोक इथेच अडकतात, टक्का हलला रे हलला की बोट पाळण्याकडे. अहो, पाळण्यात एका वर्षाचीच माणसं असतात, देशात शंभर वर्षांची!

वेळेची चिठ्ठी आली, नेहमीप्रमाणे. पळतो आता.

सोव्हिएत युनियन, दुसऱ्या महायुद्धानंतरची, 1959 ची जनगणना. पुरुष 45 टक्के. ऐकायला काय, पाचच टक्के कमी, पण पुरुष 9 कोटी 40 लाख आणि बायका 11 कोटी 48 लाख, फरक 2 कोटींच्या वर. पाच टक्के इकडे कमी म्हणजे पाच तिकडे जास्त, हे आपण विसरतो आणि हा टक्का फार सभ्य दिसतो. नंतर तो हळूहळू चढला. युद्धात गेलेले पुरुष काही परत आले नाहीत, युद्धाच्या पिढीतल्या बायका म्हातारपणी गेल्या, म्हणून चढला.

दक्षिण कोरियात उलटं. 1990 च्या सुमाराला 100 मुलींमागे 116 मुलगे जन्मत होते, गर्भलिंगनिदानाचा प्रताप, तरी एकूण टक्का जेमतेम हलला. पुढे जन्माचं प्रमाण ताळ्यावर आलं, पण ती मुलं आज तिशीत आहेत, लग्नाच्या वयात, तो उंचवटा त्यांच्याबरोबर वर सरकतोय. शिवाय देश म्हातारा होत गेला की टक्का आपोआप उतरतो, कारण ऐंशीच्या पुढे बायकाच जास्त उरतात.

स्थलांतर राहिलंच की! कतारमध्ये पुरुष सत्तर टक्क्यांच्या वर आहेत, त्यात पाळण्याचा काही संबंध नाही, बाहेरून आलेले कामगार आहेत, कंत्राट संपलं की माणूस परत आणि टक्का खाली. भारत-चीन प्रश्नोत्तरांत घेऊ, स्लाइड्स केल्या होत्या, एकही दाखवली नाही.