तेरवीनंतर कोण येतं?

(दृश्य: यवतमाळ जिल्हा. छातीएवढी कपाशी, पाठीवर पंप घेतलेला मजूर.)

२०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो जण विषबाधा होऊन दवाखान्यात भरती झाले. वीसहून अधिक दगावले. त्यांची कामाची जागा म्हणजे वावर, बहुतेकांच्या बाबतीत दुसऱ्याचं. तिथे ना फाटक असतं, ना हजेरीबुक. वॉर्डात डॉक्टर होते. पुढारी येऊन गेले, कॅमेरे येऊन गेले, कोणतं औषध मारलं, किती मारलं, हे विचारणारे अधिकारीही आले. खाटेशेजारी चटई टाकून बसलेल्या बायकोजवळ चार घटका बसणं मात्र कुणाच्याच कामात मोडत नव्हतं.

जगात काही ठिकाणी हे पगारी काम आहे. ते करणाऱ्याला चॅपलेन म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेतल्या रुग्णालयांत, तुरुंगांत, सैन्यात, विमानतळांवर तो असतो. अमेरिकेत तर कोंबड्या कापून पॅक करणाऱ्या कारखान्यांतही असतो. बहुतेक चॅपलेन पाद्री असतात, पण आता इमाम, रब्बी, बौद्ध भिक्खू आणि कुठलाच धर्म न मानणारेही हे काम करतात. मागितल्याशिवाय उपदेश करायचा नाही, धर्म बदलायला सांगायचं नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, असे त्याचे नियम.

हे काम शिकवता येतं, हे ध्यानात यायला बराच काळ गेला. अँटन बॉइसन हा अमेरिकी पाद्री स्वतः मनोरुग्णालयात राहून आलेला. १९२५ साली त्याने धर्मशास्त्राचे विद्यार्थी वुस्टरच्या मनोरुग्णालयात नेले आणि त्यांना पोथीऐवजी रुग्णांपाशी बसवलं. आजचं चॅपलेनचं प्रशिक्षण तिथून सुरू झालं.

आपल्याकडे सैन्यात धर्मगुरू आहेत. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे सगळे नायब सुभेदाराच्या हुद्द्यावर भरती होतात आणि पुण्यातल्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत शिकतात. गावातला जो पोरगा फौजेत गेला, त्याच्यासाठी सरकारने हा विचार केला आहे. त्याच्या बापासाठी केलेला नाही.

(दृश्य: मोझरी, गुरुकुंज आश्रम. खंजिरीचा आवाज.)

विदर्भाला ही गोष्ट परकी आहे असं मात्र म्हणता येणार नाही. १९६२ च्या चीन युद्धात आणि पुन्हा १९६५ मध्ये तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन सीमेवर गेले, जवानांपुढे भजनं म्हटली. गाडगेबाबांनी देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत कॅन्सरच्या उपचाराला मुंबईत गेलेली माणसं आणि त्यांचे नातेवाईक आजही उतरतात. वर्ध्याजवळ दत्तपूर १९३६ चं, अमरावतीचं तपोवन १९४६ चं, मग वरोऱ्याचं आनंदवन. घरच्यांनीच टाकलेल्या कुष्ठरोग्यांपाशी कुणीतरी राहायला गेलं, म्हणून या जागा उभ्या झाल्या.

आणि गावात? गावात मयत झाली की पहिल्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारून, सोयऱ्यांकडून कडू घास येतो. म्हातारी बाई येऊन नुसती बसते. "जेवली का वं माय?" एवढंच विचारते. रात्री भजनी मंडळ येतं. बौद्ध घरात पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती येते. तेरा दिवस घर एकटं पडत नाही. इतकी चांगली सोय शहरातल्या फ्लॅटात शोधून सापडायची नाही.

तेरवी झाली की सोयरे एसटी धरतात.

मग दुसरी माणसं येतात. शेतकऱ्याने आत्महत्या केली असेल तर तलाठी येतो, पोलिसांचे कागद होतात, प्रकरण जिल्ह्याच्या समितीपुढे जातं. सरकारी मदतीला पात्र की अपात्र? २००६ पासून पात्र घराला एक लाख मिळतात, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. शेती कुणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचं, नोटीस आली होती का? बिनपरवाना सावकाराचं देणं असलं तर ते कागदावर दिसतच नाही. विधवेला महिनोन् महिने हेच सांगत बसावं लागतं. नवऱ्याने काय केलं, का केलं, घरात भांडण होतं का, दारू प्यायचा का. येणारा प्रत्येक जण काही ना काही विचारायलाच येतो.

(दृश्य: पंचायतीच्या ओट्यावर आशाताई, हातात रजिस्टर.)

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालला. गावातल्याच माणसांना उदासी ओळखायला आणि धीर द्यायला शिकवलं, गरज पडली तर डॉक्टरांशी गाठ घालून दिली. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले चार-पाच जण मदतीपर्यंत पोहोचत होते. दीड वर्षात ते सत्तावीस झाले. सरकारचा 'प्रेरणा प्रकल्प'ही चौदा जिल्ह्यांत आला. त्यात घरोघरी जाऊन कोण खचलंय हे हेरायचं काम आशाताईकडे आहे. पण तिच्याकडे लसीकरण आहे, बाळंतपणं आहेत, क्षयरोगाच्या गोळ्या आहेत आणि दर महिन्याला नवा सर्व्हे. एका घरी तासभर बसली तर बाकीचं गाव राहून जातं. तो तास तिच्या मोबदल्यात कुठेच मोजला जात नाही.

मग धर्माच्या माणसाने हे करावं का? इथे थोडं जपून. दुःखाच्या घरी मांत्रिकही येतो, उतारा सांगतो, कोंबडं मागतो. 'मागच्या जन्माचं भोगते आहेस' असं विधवेच्या तोंडावर सांगणारे महाराजही कमी नाहीत. म्हणूनच बॉइसनचं शिक्षण कामाचं वाटतं. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचा कार्यकर्ता, भन्ते, मशिदीतले मौलाना, मिशनच्या दवाखान्यातला पास्टर यांना लोक आधीच दार उघडतात. त्यांना गप्प बसायला शिकवावं लागेल. माणूस जिवाचं काही बरंवाईट करण्याची भाषा बोलू लागला, तर तिथे भजन थांबवून डॉक्टरला बोलवायचं, हेही. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतो. तो लावून देणारा माणूस घरात हवा.

एकदा जाऊन भागणार नाही. तेरवीनंतर जावं लागेल, मग पेरणीच्या वेळी, मग पोळ्याला, कारण बैलाची दोरी कुणी धरायची हा प्रश्न त्या दिवशी पडतो. खर्च फार नाही, एसटीचं तिकीट आणि थोडं मानधन. ते ग्रामपंचायतीने द्यावं की जिल्हा रुग्णालयाने, यावर वाद घालता येईल. एक अट मात्र पहिल्याच दिवशी घालावी लागेल. जाणाऱ्याच्या हातात पात्र-अपात्रची फाइल नको.