आधी कामकाज, मग डोंगर

नमस्कार.

पत्रिकेवर माझा विषय ‘क्लबने मिळून लेआउट कसा बांधावा : जोड, वायरिंग आणि नियम’ असा छापलाय. लेआउट म्हणजे टेबलावरची आपली छोटी रेल्वे. त्यावरच बोलायला आलोय आणि मॉड्यूलची, म्हणजे लेआउटच्या सुट्या तुकड्यांची, दोन टोकं सोबत आणलीही आहेत, ती मागच्या टेबलावर आहेत. पण जोड आणि वायरिंग कशासाठी, हे आधी बोललं पाहिजे. माझ्या मनात एक विचार बरीच वर्षं ठाण मांडून बसलाय आणि तो ऐकून घ्यायला याहून चांगली मंडळी मला मिळायची नाहीत. क्लबचा लेआउट आखायला बसलं की पहिला प्रश्न येतो, ‘दिसेल कसा?’ माझं म्हणणं, पहिला प्रश्न हा असावा : इथे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हाताला काम काय?

आमच्या बोरघाटाच्या लेआउटवरूनच सांगतो. पुण्यात बोरघाट समजावून सांगायची गरज नाही. कर्जतला गाडी थांबणार, वडे घेणारे खाली उतरून वडे घेणार, मग मागून हलका धक्का बसणार आणि घरातलं कुणीतरी म्हणणार, ‘लागलं मागचं इंजिन.’ लोणावळ्याला ते सुटणार. आमच्यातले निम्मे लोक कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघून या नादाला लागले आणि उरलेले निम्मे कर्जतच्या त्या धक्क्यामुळे. त्यामुळे घाटच करायचा यावर दुमत नव्हतं. दुमत झालं ते दुसऱ्या बैठकीत, घाट कुठल्या महिन्यातला करायचा यावरून.

हसताय, पण हा प्रश्न साधा नाही. जुलै म्हटला तर सगळं हिरवं, कड्यांवरून धबधबे, अर्धा डोंगर ढगात. मे म्हटला तर करपलेलं गवत आणि कातळाचे आडवे थर उघडे पडलेले. आमच्याकडची झाडं एक काकू करतात. तारेच्या फांद्या पिळून त्यावर लाकडाचा रंगवलेला भुसा चिकटवायचा, हे काम त्यांच्याइतकं सुबक कुणाला जमत नाही. त्या जुलैच्या बाजूच्या. कातळ करणारा मुलगा भूगर्भशास्त्र शिकलेला. तो म्हणे, सह्याद्रीचा बेसॉल्ट हिरवळीखाली झाकायचा असेल तर डोंगर करायचाच कशाला? कारवी फुललेली दाखवावी, असंही एकाने सुचवलं. ती सात वर्षांतून एकदा फुलते, म्हणजे वर्षही ठरवायला हवं! शेवटी ऑक्टोबरवर तडजोड झाली. गवत पिवळं पडायला लागलेलं, कातळ दिसतोय आणि काकूंना हिरवा रंगही वापरता येतोय. पण रूळ कुठून निघून कुठे जाणार, गाडी तिथे करणार काय, हे तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.

मग मी वहीत आकडेमोड केली. 1863 साली सुरू झालेला घाटाचा चढ सुमारे 25 किलोमीटर लांब आणि 1831 फूट उंच. आपलं प्रमाण एचओ, म्हणजे 1:87. त्या हिशेबाने आपला घाट जवळपास 290 मीटर लांब आणि 6 मीटरहून उंच व्हायला हवा. म्हणजे दोन मजली इमारत आणि तिच्यापुढे एक अख्खी गल्ली. मूळ चढावर 25 बोगदे होते. ते सगळे केले तर गाडी दिसणार कधी? तेव्हा घाट जसाच्या तसा आणता येत नाही, त्यातलं काय आणायचं ते निवडावं लागतं. माझं उत्तर ठरलेलं होतं, रिव्हर्सिंग स्टेशन.

खंडाळ्याच्या अलीकडे डोंगराची एक सोंड अशी होती की वळण घ्यायला जागाच नाही. जेम्स बर्कली या इंजिनिअरने तिथे रूळ सरळ आंधळ्या टोकापर्यंत नेले. गाडी तिथे जाऊन थांबायची आणि उलट तोंडाने दुसऱ्या, चढत्या रुळावरून निघायची. गाडीचं शेपूट डोकं व्हायचं. 1929 मध्ये नवीन बोगद्यांचा मार्ग झाला आणि हे स्टेशन बंद पडलं.

आता हे टेबलावर मांडून बघा. घाटाचा सर्वात तीव्र चढ 37 ला 1, म्हणजे 37 सेंटीमीटर पुढे गेलं की 1 सेंटीमीटर वर. खालच्या आणि वरच्या मार्गात 8 सेंटीमीटर उंचीचा फरक हवा असेल तर चढाला 296 सेंटीमीटर लांबी लागते, म्हणजे जवळपास 3 मीटर. आमच्या खोलीत एवढी सरळ भिंत नाही. रिव्हर्सिंग स्टेशन घातलं की दीड मीटर जाताना चढायचं, दीड मीटर येताना चढायचं. बर्कलीला डोंगराने अडवलं होतं, आम्हाला भिंतीने. दोघांची अडचण एकच आणि उपायही एकच. फक्त शेपटाची, म्हणजे त्या आंधळ्या रुळाची, लांबी आधी ठरवा. आयसीएफचा (चेन्नईच्या कारखान्यातला) एक डबा एचओमध्ये साडेचोवीस सेंटीमीटर भरतो. तीन डबे आणि दोन्ही टोकांना इंजिन धरलं तर सपाट रूळ सव्वा मीटरच्या वर हवा. शेपूट आखूड पडलं तर शेवटचं इंजिन सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या जागी, उभं राहतं आणि सांधा फिरवताच येत नाही.

आणि आता कामं मोजा. पुढच्या इंजिनाचा ड्रायव्हर एक. मागच्या बँकरचा, म्हणजे मागून ढकलणाऱ्या इंजिनाचा, दुसरा. सांधेवाला तिसरा. वर खंडाळ्याला आणि खाली कर्जतला प्रत्येकी एक स्टेशनमास्तर. सव्वा मीटरच्या एका आंधळ्या रुळाने पाच माणसांना काम दिलं!

बँकरबद्दल थोडं लांबवतो, कारण इथे माझं बऱ्याच जणांशी पटत नाही. डीसीसीत, म्हणजे प्रत्येक इंजिन डिजिटल संदेशाने वेगळं चालवायच्या पद्धतीत, दोन इंजिनं एकाच हँडसेटला बांधता येतात, दोन्ही एकाच वेगाने धावतात. सोय उत्तम आहे. घाटात ती वापरू नका. दोन इंजिनं दोन माणसांच्या हातात द्या. मागच्याने जोर जास्त केला की मधला डबा वळणावर रुळाबाहेर उचलला जातो. कमी केला की सगळं ओझं पुढच्यावर येतं आणि त्याची चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. मधल्या डब्याकडे नीट बघा. दोघांचं जुळलं की त्याचे कपलिंग ना ताणलेले ना दाबलेले, किंचित सैल हलत असतात. ते हलताना दिसले की दोघांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आमच्याकडे पन्नाशीतले बँकेतले एक गृहस्थ आणि आठवीतली एक मुलगी अशी जोडी आहे. एरवी त्यांनी एकमेकांशी काय बोलावं? घाटात ते हॉर्नवर बोलतात. (डब्यांना मात्र वजन द्या. छताखाली लोखंडी नट चिकटवले तर डबा वर जड होऊन कलंडतो, ते फरशीलाच चिकटवा.)

आता मला जी गोष्ट सांगायचीच आहे ती. नुसते रूळ टाकले होते, खाली उघडं प्लायवूड, डोंगराचा पत्ता नाही, तेव्हा आमच्यातल्या एकाने त्याच्या ओळखीच्या निवृत्त गार्डसाहेबांना आणलं. घाटात आयुष्य गेलेला माणूस. आम्ही त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. आम्ही वरून गाडी सोडली. गाडी छान उतरली, खाली कर्जतला लागली. आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात. साहेब म्हणाले, ‘ही गाडी उतरली नाही. ही पडली.’

खोलीत एकदम शांत. मग त्यांनी विचारलं, ‘कॅच सायडिंग कुठाय?’ आणि खिशातून पेन काढून सरळ आमच्या प्लायवूडवर रेघ मारली. मुख्य रुळातून फुटणारी, डोंगराकडे चढत जाणारी. म्हणाले, उतारावर सांधा एरवी इकडेच लावलेला असतो. ब्रेक न लागलेली गाडी आली तर ती या चढावर जाऊन थांबेल. सगळं ठीक असलेल्या गाडीनेही इथे आधी थांबायचं, ती ताब्यात आहे हे दाखवायचं, आणि मगच सांधा मुख्य रुळाकडे फिरणार. तुम्ही पुण्याहून मुंबईला जाताना घाटात स्टेशन नसताना गाडी का थांबते, ते हे. कित्येकदा मी त्या थांब्यावर खिडकीतून माकडं बघत बसलोय.

ती रेघ आम्ही पुसली नाही, तिच्यावरच रूळ टाकले. आमच्यातल्या एकाने अर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) लावून सांधा आपोआप फिरवायचं सुचवलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग इथे माणूस कशाला?’ सांध्याला हाताची दांडी बसवली. मग त्यांनी स्वतः घड्याळ हातात घेऊन गाडी उतरवली. गाडी थांबली. ते घड्याळाकडे बघत राहिले, आम्ही त्यांच्याकडे. त्यांनी मान हलवली, दांडी ओढली, सांधा खटकन बसला आणि गाडी हळू निघाली. कर्जतला पोचल्यावर टाळी पहिली त्यांनी वाजवली. डोंगर नव्हता, झाड नव्हतं, काकूंचं एक पानही अजून लागलं नव्हतं. तरी तो बोरघाट होता. माझा सगळा मुद्दा त्या संध्याकाळी तिथे उभा होता.

म्हणूनच एका प्रदर्शनाच्या आयोजकांनी नंतर जे सांगितलं ते मला अजून टोचतं. त्यांचं म्हणणं, गाडी सतत फिरती ठेवा, थांबली की लोक पुढच्या स्टॉलकडे जातात. आम्हाला वर्तुळाकार रूळ जोडायला लावला. दोन दिवस गाडी गोल गोल फिरली आणि लोक एक फेरी बघून खरोखरच पुढे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी, आयोजक यायच्या आत, आम्ही घाट चालवला. गाडी कॅच सायडिंगला थांबली आणि समोरच्या मुलांची कुजबुज थांबली. एक मुलगा म्हणाला, ‘आता ते काका सोडणार.’ गाडी थांबते तेव्हा माणूस वाट बघतो, आणि वाट बघणारा जागचा हलत नाही. हे मी त्या आयोजकांना सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा वर्तुळच मागितलं, आम्ही गेलो नाही.

अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वे क्लब 1946 पासून आहे. त्यांच्यातही दोन तट होते : वर घरं-डोंगर-गाड्या रंगवणारे आणि टेबलाखाली टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले (विजेवर चालणारे स्विच) जोडून सांधे-सिग्नल चालवणारे. त्या टेबलाखालच्यांतले काही जण पुढे संगणकाच्या सुरुवातीच्या काळातले नामांकित प्रोग्रामर झाले. गाड्यांनी नेमकं काय करायचं, याचाच ते विचार करत होते.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. तेव्हा पत्रिकेतला विषय आता भराभर.

जोड. हाताला काम द्यायचं तर मॉड्यूल घरोघरी बांधली गेली पाहिजेत आणि आठवड्याच्या शेवटी पाच मिनिटांत जुळली पाहिजेत. नियम फक्त टोकाला लावा. युरोपात फ्रेमो या मॉडेल रेल्वे संघटनेची मंडळी 1981 पासून याच तत्त्वावर चालतात : टोकाची फळी ठरलेली, मधे तुमचं राज्य. आमचा नियम : टोकाची फळी 12 मिलिमीटर प्लायवूडची, जमिनीपासून उंची ठरलेली, रूळ टोकाला काटकोनात, शेवटचे दहा सेंटीमीटर सरळ आणि सपाट, चढ तिथे अजिबात नाही. बोल्टची भोकं पट्टीने मोजून पाडू नका. दहा जणांनी मोजलं की दहा मापं होतात. ॲल्युमिनियमचा एकच साचा करा, तो घरोघर फिरवा. प्लायवूडला दोन्ही बाजूंनी आणि कडांनाही प्रायमर द्या, नाहीतर पावसाळ्यात फुगतं. आणि हिवाळ्यात रूळ टाकत असाल तर रुळाच्या दर दोन तुकड्यांमध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवा. मेमध्ये ती भरते.

गेजबद्दल, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराबद्दल, प्रश्न येणार म्हणून आधीच सांगतो. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, 1:87 ने तो 19.3 येतो, आणि बाजारातला एचओ रूळ 16.5 चा. तो आपल्या गाडीखाली अरुंद दिसतो हे खरं. क्लबने 16.5 च धरावा. स्वतःचे 19.3 चे रूळ घालणाऱ्याबद्दल मला अतिशय आदर आहे, पण त्याची गाडी दुसऱ्याच्या मॉड्यूलवर जाऊ शकत नाही.

वायरिंग. सगळ्या मॉड्यूलखालून दोन जाड वायरी, लाल आणि काळी. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला वरून स्वतंत्र बारीक वायर सोल्डर करून खाली जोडा. रेल जॉइनरवर (रुळाचे तुकडे जोडणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्यांवर) विजेसाठी विसंबू नका. पुण्याच्या धुळीत ते वर्षभरात सैल आणि काळे पडतात. लाल वायर प्रेक्षकांकडच्या रुळाला, सगळ्यांची, अपवाद नाही. चारचौघांच्या मॉड्यूलमधलं एक जरी उलटं लागलं तर शॉर्ट सर्किट आणि मग सगळे टेबलाखाली. प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नाव लिहा. तुम्ही गावाला गेलात तरी दुसऱ्याला ती सापडली पाहिजे.

खडी. दगडाची भुकटी पिठाच्या चाळणीने चाळा, रुळात पसरा, फेविकॉलमध्ये निम्म्याहून जास्त पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालून ड्रॉपरने सोडा. सांध्याच्या हलत्या पट्टीजवळ मात्र हे करू नका.

नियम. एक वही लेआउटजवळच बांधून ठेवा. गाडी रुळाखाली कुठे उतरली, कुठल्या सांध्यावर, कुठलं चाक, हे लगेच लिहायचं. कुणाच्या मॉड्यूलवर, हे लिहायचं नाही. वेळापत्रक छापा, अगदी चार गाड्यांचं असलं तरी. कामं दर वेळी बदला, ड्रायव्हरने पुढच्या खेपेला सांधेवाला व्हायचं.

वेळ संपली. टोकं मागच्या टेबलावर आहेत, बोल्ट लावून-काढून बघा. साचा लागणार असेल त्यांनी नाव लिहून द्या. आधी कोणाला मिळेल ते चहाच्या वेळी ठरवू.