ऑपरेशननंतर तो तुकडा कुठे जातो?

ऑपरेशन संपलं की सर्जन बाहेर येतो, ट्रेमधली पित्ताची पिशवी दाखवतो, बघा एवढे खडे निघाले, नातेवाईक फोटो काढतात आणि सगळ्यांना वाटतं सुटलो एकदाचे. पण खड्यांसाठी काढलेल्या पिशवीच्या भिंतीत कधीकधी कॅन्सर असतो, सोनोग्राफीत न दिसलेला, नुसत्या डोळ्यांनाही न कळणारा, तो मायक्रोस्कोपखालीच सापडतो. म्हणून 'साधंच तर आहे, कशाला लॅबचा खर्च' म्हणत तुकडा पिवळ्या पिशवीतून कचऱ्यात जाऊ देणं मला अजिबात पटत नाही.

आता आपल्याकडे काय होतं, सिन्नरला नाहीतर निफाडला ऑपरेशन होतं आणि बरणी घरच्यांच्याच हातात देतात, जा नाशिकला लॅबमध्ये देऊन या. मग ती बरणी नीट बघायला तुम्हालाही आलं पाहिजे ना! तोंड रुंद हवं, आत १० टक्के फॉर्मॅलिन, म्हणजे तुकडा नासू न देणारं द्रावण हवं आणि तेही तुकड्याच्या दहापट तरी. कारण फॉर्मॅलिन आत मुरतं तासाला साधारण १ मिलिमीटर, एवढं हळू. अख्खं गर्भाशय न कापता छोट्या बरणीत कोंबलं की बाहेरून घट्ट होतं आणि मधला भाग नासतो, मग पॅथॉलॉजिस्ट तरी काय बघणार. नुसत्या सलाइनमध्ये तुकडा टिकत नाही. हां, टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी करायची असेल तर उलटं, तो वेगळा तुकडा सलाइनमध्येच पाठवायचा, फॉर्मॅलिनने जंतू मरतात. फ्रोझन सेक्शनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून बघतात त्याला पण ताजाच लागतो.

नाव बरणीवर हवं, झाकणावर नाही. लॅबमध्ये झाकणं काढून ठेवली जातात, त्यात एकाच दिवशी दोन सुनीताबाई आल्या तर? सोबतच्या फॉर्मवर वय, कुठून काढलंय, आधी काय आजार होता, हे लिहिलेलं आहे का तेही विचारा, डॉक्टर रागावणार नाहीत.

स्तनाच्या गाठीत तर वेळ फार महत्त्वाची, काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये, आणि मग ६ ते ७२ तास त्यातच. हे चुकलं तर ईआर, पीआर (हॉर्मोनच्या) आणि हर-टू (कॅन्सर वाढवणाऱ्या एका प्रथिनाची) या टेस्टचा रिझल्ट चुकू शकतो आणि पुढची औषधं त्यावरच ठरतात हो! सर्जन त्या गाठीला दोरे बांधतात, एक आखूड एक लांब, कोणती बाजू वरची कोणती बाहेरची ते कळावं म्हणून, मग लॅबवाले कडांना शाई लावतात. कडेपर्यंत कॅन्सर पोचला असेल तर नेमकं कुठे पुन्हा काढायचं ते त्यावरून सांगता येतं.

रिपोर्ट आला तरी तुकडा संपत नाही, तो मेणाच्या ब्लॉकमध्ये लॅबकडे राहतो, त्यातून पुन्हा काप काढता येतात. मुंबईला टाटाला दाखवायला निघालात तर नुसता रिपोर्ट घेऊन जाऊ नका, लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड्स (काप लावलेल्या काचा) मागून घ्या, आणि त्यावरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथेच काउंटरवर उभं राहून जुळवून बघा.