कुणाला सांगू नका

(दृश्य: भर दुपार. ओढलेले पडदे. टेबलावर साय धरलेला चहा आणि स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल.)

आजी कालपासून या मोबाइलसमोर बसल्यात. व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही, असा हुकूम आहे. आंघोळीला जायचं तरी विचारून. पडद्यावर खाकी वर्दी, मागे भिंतीवर अशोकस्तंभ. "तुमच्या आधारवर सिम घेऊन पैशांची अफरातफर झालीय. तुम्ही डिजिटल अटकेत आहात. कुणाला सांगाल, तर मुलालाही आत घेऊ."

हा प्रसंग आम्ही रचलेला आहे. अशा कॉलची तऱ्हा मात्र नेहमी हीच. २०२४ मध्ये लुधियानातल्या एका बड्या उद्योजकापुढे तर व्हिडिओवर खोटं सर्वोच्च न्यायालयच भरवलं होतं, तोतया सरन्यायाधीशांसकट. सात कोटी गेले. 'शिकलेली माणसं फसतातच कशी' हे विचारणं आता पुरे.

आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता पाहा. अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही लागते, घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची. घरचं कुणी नसेल, तर नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचा हक्क आहे, हे पोलिसांनीच सांगायचं असतं. खरा कायदा घरच्यांना बोलावतो. भामटा म्हणतो, कुणाला सांगू नका.

(दृश्य: बँकेचा काउंटर.)

तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण चोर सापडायला हवा ना! पैसे जातात भाड्याच्या खात्यात. चार पैशांसाठी कुणीतरी आपलं पासबुक, एटीएम कार्ड, सिम देऊन टाकलेलं असतं. तिथून पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा तो लगेच, व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून. रक्कम वाटेतच गोठवता आली तर आली.

आजी एफडी मोडायला आल्यात. काउंटरवरची मुलगी विचारते, "एवढी रक्कम एकदम कशाला, आजी?"

"नातवाच्या फ्लॅटसाठी." हे उत्तरही पढवलेलं.

पर्समधला फोन अजून चालूच आहे. मुलीला तो दिसतो. ती आवाज न करता एक चिठ्ठी पुढे सरकवते : 'पोलीस म्हणून कुणी बोलतंय का?'

आजी होकारार्थी मान हलवतात.